दुकानातील अनुभव आणि नोकरीचे परिचयपत्र

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, वाहतूक आणि मंडळाचे वार्षिक कार्य या विषयांवर लेख असावेत, हे योग्यच होय. त्यांच्या पंगतीस नोकरीच्या अर्जाविषयीचा लेख कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. व्यापाऱ्याच्या मुलाने नोकरीचा अर्ज लिहावा, ही कल्पनाच आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना अद्याप रुचत नाही. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या दुकानावर दोन भावांचे संसार सुखाने चालले, त्याच दुकानावर चौघा चुलतभावांचे संसार चालणे आता अवघड झाले आहे. घरातील मुली व सुना पदवीधर आहेत आणि त्यांच्या शिक्षणाला साजेसे काम दुकानात नेहमीच असते असे नाही. शिवाय नोकरीचे अर्ज आपल्या घरातून जेवढे बाहेर जातात, तेवढेच बाहेरून आपल्या पेढ्यांवर येतातही. म्हणजे अर्ज लिहिणारा आणि अर्ज वाचणारा, दोघेही आपल्याच मंडळात बसलेले आहेत.

आमचे चलथाण हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील गाव. उधना–जळगाव लोहमार्गावरील हे स्थानक असल्यामुळे खानदेशातील धान्य आणि खानदेशातील माणसे या दोहोंचा येथे पूर्वीपासून राबता आहे. श्री चलथाण विभाग खांड उद्योग सहकारी मंडळीचा साखर कारखाना गावातच आहे. कडोदरा आणि पलसाण्याकडे कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत. अशा ठिकाणी हिशेबनीस, भांडारपाल, वजनकाट्यावरील कारकून, पाठवणीचा कारकून यांची गरज नेहमी पडते. या कामांना दुकानात वाढलेला मुलगा जितका योग्य, तितका क्वचितच दुसरा कोणी असेल. तरीही त्याचा अर्ज मागे पडतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे आमच्या अल्प मतीप्रमाणे सांगण्याचा येथे विचार आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. परंतु पेढीवर माणूस ठेवण्याच्या निमित्ताने असे कागद बरेच वाचावे लागले आणि ओळखीच्या मुलांचे लिहूनही द्यावे लागले.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आपल्याकडे 'बायोडाटा', 'सीव्ही' आणि 'रेझ्युमे' हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. सीव्ही हे मूळच्या लॅटिन शब्दांचे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ जीवनक्रम असा होतो. प्राध्यापक, संशोधक यांच्या कार्याची सविस्तर जंत्री त्यात असते. रेझ्युमे हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ सारांश. नोकरीसाठी आपणांस बहुधा हा सारांशच द्यावयाचा असतो. आम्ही त्यास येथे परिचयपत्र म्हणू.

'बायोडाटा' या शब्दाने मात्र आपल्या समाजात एक मौजेचा घोटाळा केला आहे. हा शब्द आपल्या मुलामुलींना प्रथम भेटतो तो वधूवर परिचय मेळाव्यात. तेथील कागदावर जन्मवेळ, उंची, वर्ण, गोत्र, मामांचे आडनाव आणि गाव, वडिलांच्या दुकानाचे नाव, घर स्वतःचे की भाड्याचे, अशी माहिती असते आणि तेथे ती आवश्यकही असते. पुढे नोकरीची वेळ आली म्हणजे तोच कागद मोबाइलमध्ये तयार असतो. त्यातील जन्मवेळ तेवढी काढून टाकून तो पाठविला जातो. गिरणीच्या भांडारपालाची उंची पाच फूट सात इंच आहे आणि त्याचे मामा धुळ्याचे आहेत, हे वाचून गिरणीच्या व्यवस्थापकाने काय करावे? उलट, मालाची आवक-जावक त्याने किती वर्षे लिहिली, हे त्यात कोठेच नसते.

नोकरी देणारास काय हवे आहे ते ओळखून लिहिणे, ही या विद्येची पहिली पायरी होय. इटलीतील थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४८२ साली मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे चाकरी मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. जगातील पहिले परिचयपत्र म्हणून त्याचा पुष्कळदा उल्लेख होतो. त्यात लिओनार्दोने आपल्या चित्रकलेचे गोडवे प्रारंभी गायिलेले नाहीत. हलके पूल बांधणे, वेढा पडलेल्या ठिकाणचे पाणी काढून टाकणे, तोफा, झाकलेले युद्धरथ, भुयारे, अशा युद्धोपयोगी गोष्टी त्याने एकामागून एक मांडल्या. शांततेच्या काळात आपण इमारती बांधू शकतो आणि शिल्प व चित्रही करू शकतो, हे सर्वांच्या शेवटी लिहिले. लुदोविकोस युद्धाची चिंता होती, हे तो ओळखून होता.

आता आपल्या मुलांच्या कागदातील सर्वांत मोठा दोष सांगतो. पाच-सहा वर्षे दुकानात बसलेला मुलगा अनुभवाच्या रकान्यात एक तर 'काही नाही' असे लिहितो, नाहीतर 'वडिलांना दुकानात मदत' एवढे चार शब्द लिहून थांबतो. 'मदत' या शब्दात त्याची पाच वर्षे बुडून जातात. बाहेरच्या पेढीत तेच काम पगार घेऊन केलेला दुसरा मुलगा 'लेखा सहायक, ५ वर्षे' असे लिहितो आणि त्यास मुलाखतीचे बोलावणे येते. मुलींच्या कागदांत ही उणीव अधिक दिसते. सकाळी घर आवरून दुपारी दुकानाची बिले संगणकावर चढविणारी, किरकोळ दुकानदारांच्या मोबाइलवरून आलेल्या मागण्या उतरवून घेणारी, बँकेचा उतारा तपासणारी सून 'गृहिणी' असे लिहून मोकळी होते.

हे कसे सुधारावे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बी.कॉम. झालेला एक तरुण जून २०२१ पासून वडिलांच्या घाऊक धान्य दुकानात आहे. त्यास काही साधे प्रश्न विचारावे. दिवसाला बिले किती होतात? ती कशावर लिहितोस? उधारीची खाती किती आणि वसुलीची यादी कोण काढतो? ट्रक आला की भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन कोण लिहून घेतो? तूट निघाली तर अडत्याला कोण कळवितो? ओलावा कशाने पाहतोस? वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रासाठी सनदी लेखापालाकडे आकडे कोण पाठवितो? अर्ध्या तासाच्या अशा संभाषणानंतर त्या चार शब्दांच्या जागी पुढीलप्रमाणे मजकूर तयार होतो. आकडे अर्थातच उदाहरणादाखल आहेत.

'घाऊक धान्य दुकान (कौटुंबिक व्यवसाय), चलथाण. जून २०२१ पासून. रोज ३५ ते ४० विक्री-बिले टॅलीमध्ये नोंदवितो व दरमहा बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ घालतो. ६० किरकोळ दुकानदारांची उधार खाती सांभाळतो. दर शनिवारी वसुलीची यादी काढतो. आलेल्या ट्रकचे वजन आणि धान्याचा ओलावा तपासून नोंद ठेवतो. तूट आढळल्यास त्याच दिवशी अडत्यास कळवितो. करविवरणपत्रासाठी खरेदी-विक्रीचे मासिक गोषवारे तयार करून लेखापालास देतो.'

यात एकही मोठा शब्द नाही. 'अनुभवी', 'कार्यक्षम', 'कष्टाळू' ही विशेषणे नाहीत. तरीही वाचणाऱ्या व्यवस्थापकास हा मुलगा काय करू शकतो ते स्पष्ट दिसते, कारण प्रत्येक वाक्यात एक काम आहे आणि शक्य तेथे त्याचे माप आहे. मापाशिवाय माल सांगणे आपल्या धंद्यात कोणी ऐकून घेत नाही. 'पुष्कळ तूर आहे' म्हणणाऱ्या दलालास आपण 'किती गोणी?' असे लगेच विचारतो. येथेही तसेच समजावे. आकडे आठवणीने लिहू नयेत. कीर्द-खतावणी घरातच असते; एका महिन्याची बिले मोजावी, खाती मोजावी आणि मगच आकडा लिहावा. मुलाखतीत तो आकडा कसा काढला, असे विचारले असता सांगता आले पाहिजे.

त्याच मजकुराची मांडणी जागेनुसार बदलावी. साखर कारखान्याच्या गळीत हंगामासाठी वजनकाट्यावरील कारकुनाची जागा असेल, तर ट्रकच्या वजनाचे वाक्य सर्वांत वर यावे. लेखापालाच्या कार्यालयात जावयाचे असेल तर ताळमेळ आणि करविषयक गोषवारे वर यावेत. गिरणीच्या भांडारात जावयाचे असेल तर आवक-जावक आणि शिल्लक मालाची मोजणी. एकच कागद पन्नास ठिकाणी पाठवून उत्तर येत नाही म्हणून दैवास बोल लावणारे तरुण पुष्कळ भेटतात. जागा पाहून वाक्यांचा क्रम बदलण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

भाषांचा रकानाही आपली मुले निष्काळजीपणे भरतात. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळांत शिकलेली कितीतरी मुले आपल्या भागात आहेत. घरी मराठी वा अहिराणी, बाजारात गुजराती, गिरणीत हिंदी, अशा चार बोलींत त्यांचा दिवस जातो. पण कागदावर ती फक्त 'मराठी, हिंदी, इंग्रजी' असे लिहितात. गुजराती लिहिता-वाचता येते, गुजराती आकड्यांतील जुनी खाती वाचता येतात, हे येथील पेढीच्या दृष्टीने इंग्रजी संभाषणापेक्षा कमी मोलाचे नाही. कोणती भाषा बोलता येते, कोणती वाचता येते आणि कोणती लिहिता येते, हे वेगवेगळे सांगावे. इंग्रजी केवळ वाचता येत असेल तर तसेच लिहावे.

आता साधनांकडे वळू. पूर्वी असा कागद टंकलेखकाकडून करून घ्यावा लागे. आज तो घरबसल्या मोबाइलवरही करता येतो. गूगल डॉक्समध्ये परिचयपत्राचे तयार साचे विनामूल्य मिळतात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्येही ते असतात. कॅनव्हा हे ऑस्ट्रेलियात २०१३ साली सुरू झालेले साधन तरुणांत विशेष प्रिय आहे, कारण त्यातील नमुने रंगीत आणि देखणे असतात. आमचा अनुभव असा की, पहिला कागद गूगल डॉक्सवर साध्या साच्यात करावा. सजावट थोडी कमी झाली तरी चालते. असे म्हणण्यास एक व्यावहारिक कारण आहे, आणि ते पुष्कळांस ठाऊक नसते.

मोठ्या कंपन्यांकडे एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. ते प्रथम माणूस वाचतोच असे नाही; संगणकाची एक प्रणाली त्यांतील मजकूर उचलून नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत टाकते आणि हव्या त्या शब्दांनुसार त्यांतील अर्ज शोधून पुढे काढले जातात. दोन उभ्या स्तंभांत मांडलेला, चौकटींत बसविलेला किंवा चित्रातच अक्षरे घातलेला मजकूर अशा प्रणालीस कित्येकदा नीट उचलता येत नाही. डावीकडील ओळ उजवीकडील ओळीत मिसळते. कौशल्य दाखविण्यासाठी पाचपैकी चार तारे रंगविण्याची जी पद्धत निघाली आहे, तिचा तर माणसासही काही बोध होत नाही. टॅलीचे चार तारे म्हणजे नेमके काय येते?

याची परीक्षा घरी करता येते. तयार झालेली पीडीएफ उघडावी, सर्व मजकूर निवडून त्याची नक्कल करावी आणि ती नोटपॅडसारख्या साध्या पानावर उतरवावी. तेथे मजकूर ज्या क्रमाने दिसेल, साधारणतः त्याच क्रमाने यंत्र तो वाचणार. नाव शेवटी गेले असेल, दूरध्वनी क्रमांक गायब झाला असेल, किंवा काहीच उतरले नसेल, तर साचा बदलावा. काहीच न उतरणे म्हणजे आपला कागद हे नुसते छायाचित्र आहे असे समजावे. मराठीत वा गुजरातीत परिचयपत्र करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या युनिकोड नसलेल्या अक्षरांत टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर ती अक्षरे नसल्यास रोमन लिपीचा अर्थशून्य गोंधळ होऊन दिसतो. म्हणून युनिकोड अक्षरांतच लिहावे. पीडीएफमधून देवनागरी उचलताना काने-मात्रा कधी कधी विस्कटतात. तेव्हा मागणी झाल्यास मूळ वर्डची प्रतही देता यावी अशी ती जपून ठेवावी.

मांडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाच-सात वर्षांपर्यंतच्या अनुभवास एक पान पुरते. वर नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल. मग दोन ओळींत आपण कोणत्या कामासाठी अर्ज करीत आहोत ते. मग अनुभव, मग शिक्षण, मग संगणकज्ञान व भाषा. नुकताच शिकून बाहेर पडलेला असेल तर शिक्षण अनुभवाच्या आधी यावे. ई-मेलचा पत्ता आपल्या नावाचा असावा. शाळेत असताना गमतीने घेतलेले टोपणनावांचे पत्ते व्यवस्थापकाच्या टेबलावर शोभत नाहीत. फाइललाही स्वतःचे नाव द्यावे. 'रेझ्युमे फायनल न्यू २' या नावाच्या फायली आमच्याकडे एकाच आठवड्यात तीन आल्या होत्या आणि तिन्ही निरनिराळ्या उमेदवारांच्या होत्या!

झेरॉक्सच्या दुकानांतील तयार साच्यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. तेथे आधीच्या गिऱ्हाइकाचा कागद उघडून त्यावर नव्याचे नाव टंकले जाते. त्यामुळे उद्दिष्ट, छंद आणि कधी कधी वडिलांचे नावही आधीच्याचेच राहते. शिवाय आपली सारी माहिती त्या सार्वजनिक संगणकावर मागे उरते. छापून झाल्यावर आपली फाइल तेथून पुसून घ्यावी आणि आपले ई-मेल खाते बंद केले आहे ना, ते पाहावे. आधार क्रमांक, पॅन, बँकेचा खाते क्रमांक यांपैकी काहीही परिचयपत्रात घालू नये. नेमणूक झाल्यावर मालक ते मागेल तेव्हा द्यावे. आधारची प्रत द्यावीच लागली तर ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात अशी झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. इंटरनेटवरील काही साधने सारा मजकूर भरून होईपर्यंत विनामूल्य म्हणवितात आणि कागद उतरवून घेण्याच्या वेळी पैसे मागतात. काही थोड्या रकमेत चाचणी देऊन पुढे दरमहा खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची संमती घेतात. अशा ठिकाणी मजकूर नक्कल करून बाहेर काढावा आणि साध्या साच्यात घालावा. नोकरीपूर्वी नोंदणी शुल्क मागणाऱ्याकडे तर फिरकूच नये. केंद्र सरकारची 'नॅशनल करिअर सर्व्हिस' ही सेवा २० जुलै २०१५ रोजी सुरू झाली, गुजरात सरकारचे 'अनुबंधम' २०२१ साली आले, महाराष्ट्रात जाणाऱ्यांसाठी 'महास्वयम्' आहे. या ठिकाणी नाव नोंदविण्यास उमेदवारास काहीही द्यावे लागत नाही. परदेशी जाणाऱ्यांना युरोपीय संघाचा 'युरोपास' हा नमुना विनामूल्य मिळतो. इंग्लंड-अमेरिकेत छायाचित्र, वय, धर्म, वैवाहिक स्थिती हे कागदावर घालण्याची रीत नाही, एवढे तिकडे अर्ज करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाल्यापासून आणखी एक प्रकार सुरू झाला आहे. मुलगा यंत्रास सांगतो, 'मी दुकानात काम करतो, मला चांगला रेझ्युमे लिहून दे.' यंत्र क्षणार्धात अस्खलित इंग्रजीत पानभर मजकूर देते. त्यात हा मुलगा पंधरा जणांच्या चमूचे नेतृत्व करतो आणि त्याने विक्री तीस टक्क्यांनी वाढविलेली असते. दुकानात एक हमाल आणि तो स्वतः, एवढीच माणसे असतात! यंत्र लबाड आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यास माहिती दिली नाही म्हणून त्याने रिकामी जागा भरली. त्याचा योग्य उपयोग निराळा आहे. आधी स्वतःच्या भाषेत, मराठीत का होईना, खरी कामे आकड्यांसह लिहावी. मग त्यास सांगावे की याचे साधे इंग्रजी कर, यात नसलेले काही घालू नकोस. आलेल्या मजकुरातील प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, 'हे मी केले आहे का? कोणी विचारले तर मला हे सांगता येईल का?' असे पाहावे आणि उत्तर नाही असेल ती ओळ पुसावी. असे न करता पाठविलेले कागद आम्हांस आता दुरूनही ओळखू येतात. पॉलिश केलेल्या डाळीसारखे सगळे एकाच रंगाचे चकाकतात.

खोट्या ओळीचा प्रश्न केवळ चतुराईचा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी वजनेमापे आणि भेसळ येते. ती आपण व्यापारी चांगली जाणतो, कारण तराजू रोज आपल्या हाती असतो. त्याच अध्यायात सत्य व्रताच्या पाच अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. खोटे खतपत्र, खोटी चिठ्ठी हा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकला. न केलेले काम परिचयपत्रात लिहिणे त्याच सदरात पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात अशा कागदाखाली 'वरील माहिती सत्य आहे' असे लिहून, स्थळ व दिनांक घालून सही करण्याची प्रथा आहे. ती खाजगी नोकरीत आवश्यक नाही, असे आजकालचे जाणकार सांगतात. आम्हांस ती आवडते. ती सही करताना क्षणभर हात थांबला, तर कोणती ओळ काढावयाची ते कळते.

आणि येथेच आपणा व्यापाऱ्यांचा संबंध येतो. वर्षातून दोन-चार वेळा कोणीतरी आप्त दुकानी येऊन म्हणतो, 'मुलाला दोन वर्षांच्या अनुभवाचे पत्र द्या, तुमच्या लेटरहेडवर. अडचण काय आहे?' मुलगा त्या दोन वर्षांत दुकानाची पायरीही चढलेला नसतो. नात्याच्या भिडेने असे पत्र देणारे आपल्यात आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. आम्ही ते देत नाही आणि त्यापायी काही मंडळी आमच्यावर रुष्टही झाली. परंतु नुसता नकार देणेही पुरेसे नव्हे. त्या मुलास आम्ही सांगतो की, तीन महिने ये, बिले लिही, ट्रक उतरताना उभा राहा. तीन महिन्यांचे खरे पत्र देऊ. काहीजण येतात. ते तीन महिन्यांचे पत्र घेऊन गेलेल्या मुलास मुलाखतीत कोणताही प्रश्न अडवू शकत नाही, कारण जे लिहिले आहे ते त्याने हातांनी केलेले असते.

याच्या नेमके उलट अन्यायही घडतो आणि तो आम्हांस अधिक बोचतो. वीस-वीस वर्षे प्रामाणिकपणे काम केलेला मुनीम, काट्यावरचा माणूस, बिले लिहिणारी मुलगी, यांच्याजवळ आपल्या सेवेचा कागदाचा एक कपटाही नसतो. पगार रोखीने, नेमणूक तोंडी. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस वा अधिक माणसांच्या आस्थापनांस लागू असल्यामुळे आपल्यासारख्या लहान पेढ्यांतील माणसाचे नाव तेथेही सापडत नाही. मालक वारला, मुलांनी दुकान मोडले, की त्या माणसाची वीस वर्षे कोठेच नोंदलेली नसतात. पन्नाशीत तो नवखा ठरतो. कोणतेही साधन त्याचे परिचयपत्र लिहू शकणार नाही. पत्र दिले तर माणूस सोडून जाईल, या भीतीने काही मालक ते टाळतात. ज्यास जावयाचे आहे तो पत्रावाचूनही जातो. फक्त कमी पगारावर जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रमसंहिता अमलात आल्या असून त्यांत नेमणूकपत्रावर भर आहे. आपल्या पेढीस त्यांतील काय लागू पडते ते प्रत्येकाने आपल्या सल्लागारास विचारून घ्यावे. पण दोन ओळींचे पत्र देण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरच्याच मुलाच्या बाबतीत एक अडचण उरते. बापाने मुलास दिलेल्या पत्राचे वजन कमी धरले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. म्हणून परिचयपत्रात 'कौटुंबिक व्यवसाय' असे उघड लिहावे आणि साक्ष बाहेरची द्यावी. ज्या लेखापालाकडे मुलगा दरमहा गोषवारे पाठवितो तो, किंवा ज्या अडत्याशी तुटीचा हिशेब तो स्वतः करतो तो, अशांस आधी विचारून त्यांचे नाव सांगावे. बँकेच्या व्यवहारांपैकी कोणते आपण पाहिले, हेही सांगता येते. शिक्षणाची प्रमाणपत्रे २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्ये मिळत असतील तर तेथून काढून ठेवावी. तेथे थेट मंडळाकडून वा विद्यापीठाकडून आलेली प्रत मूळ प्रतीसारखीच मान्य होते.

मालकाने द्यावयाच्या पत्रात काय असावे, ते सांगून पुरे करतो. दुकानाचे नाव, पत्ता व करनोंदणी क्रमांक. माणसाचे पूर्ण नाव. कामास लागल्याचा व सोडल्याचा महिना आणि वर्ष. त्याने प्रत्यक्ष केलेली तीन-चार कामे, वर उदाहरणात दिल्याप्रमाणे मापासहित. आणि विचारणा करावयाची झाल्यास मालकाचा दूरध्वनी क्रमांक. वागणुकीविषयी एक वाक्य पुरते. ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांनी हाताने लिहावे, हरकत नाही. पण दिनांक घालावा, सही सुवाच्य करावी, दुकानाचा शिक्का मारावा आणि एक प्रत आपल्या फायलीत ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी कोणाचा फोन आला तर काय लिहिले होते ते पाहून सांगता येते.